नदीचे मूळ, ऋषीचे कूळ आणि आमचे कूळ

(सत्यशोधक समाजाच्या स्थापनादिनी, २४ सप्टेंबर रोजी, कल्याण तालुक्यातील एका गावी चावडीपुढे एका शाळामास्तरांनी केलेले भाषण. गावकऱ्यांच्या आग्रहावरून येथे छापीत आहोत.)



भात पोटरीला आले असता, दिवसभर बांधावर राबून तुम्ही रात्री येथे येऊन बसला आहात. मास्तर बोलावयास उभा राहिला म्हणजे लवकर बसत नाही, असा आमचा लौकिक आहे. तरी आज एकच गोष्ट सांगतो आणि बसतो.

आपल्यात म्हण आहे, नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये. लहानपणी आम्हांस ही मोठ्या शहाणपणाची म्हण वाटे. पुढे ध्यानी आले, की ऋषीचे कूळ शोधू नका म्हणणारे लोक शेतकऱ्याचे कूळ मात्र रोज शोधतात. तो पंगतीस बसला की विचारतात, भाड्याने खोली मागावयास गेला की विचारतात, मुलीला स्थळ पाहावयास निघाला की विचारतात. तेव्हा हा कुळाचा प्रश्न काय आहे, कोणी काढला आणि कोणाच्या फायद्याचा आहे, हे एकदा मोकळेपणी बोलले पाहिजे.

बोलण्यास कारणही घडले आहे. गेल्या उन्हाळ्यात आपल्या गावांतून एक गृहस्थ चोपड्या घेऊन हिंडला. तुम्ही त्यास ओळखता. घरटी अकराशे रुपये घेऊन त्याने वंशावळी लिहून दिल्या. तुमचे पूर्वज उत्तरेकडून आले, ते आर्य क्षत्रिय होते, तुमच्या अंगी राजरक्त आहे, असे त्यात लिहिले आहे. कोणी आनंदाने दिले, कोणी शेजाऱ्याने दिले म्हणून दिले. डोंबिवलीच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या एका विधवा बाईने मुलीच्या फीसाठी गाठीला ठेवलेले पैसे दिले. आता त्याचेच मोठे पुस्तक छापावयाचे म्हणून वर्गणी सुरू आहे.

पुढे जून महिन्यात शाळा भरली. चौथीतला एक मुलगा कातकऱ्याच्या मुलाशेजारी बसेना. कारण विचारले, तर म्हणाला, "गुरुजी, आम्ही वरून आलेलो. तो जंगलातला." कालपर्यंत दोघे एकाच ओढ्यात खेकडे धरीत होते. आम्ही त्यास मारले नाही, रागेही भरलो नाही. ते वाक्य त्या पोराचे नव्हतेच. ते फार दूरवरून, सात समुद्रांपलीकडून फिरत फिरत आपल्या चौथीच्या वर्गात आले होते. त्याचा प्रवास आज तुम्हांस सांगावयाचा आहे.

इंग्रजांचे राज्य आपल्यावर होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु हे इंग्रज मूळचे कोण? सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी आजच्या जर्मनी व डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट नावाच्या टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटन बेटात आल्या. तेथे आधीचे ब्रिटन लोक होतेच. भांडणे झाली, सोयरिकीही झाल्या. या आलेल्या लोकांस पुढे अँग्लो-सॅक्सन म्हणू लागले. मग १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताच्या विल्यम नामक सरदाराने इंग्लंड जिंकले. त्याने आपल्या सरदारांस जमिनी वाटल्या आणि १०८६ साली सर्व मुलखाची पाहणी करून कोणाकडे किती जमीन, किती नांगर, किती गुरे याची मोठी वही केली. त्या वहीत पाहिले, तर वीस वर्षांत बहुतेक सगळ्या मोठ्या जमिनी जुन्या सॅक्सन जमीनदारांच्या हातून गेलेल्या दिसतात. राज्य बदलले की पहिल्याने सातबारा बदलतो, हे आपणांस सांगावयास नको.

आता मौज पाहा. पुढे सहाशे वर्षांनी, १६४९ साली, इंग्लंडात राजाचे डोके उडविले गेले. त्याच वर्षी जेरार्ड विन्स्टन्ली नावाचा एक गरीब मनुष्य काही भूमिहीनांस घेऊन एका टेकडीवरच्या गायरानात कुदळ घेऊन उतरला. त्यांस लोक डिगर, म्हणजे खणणारे, म्हणत. त्यांचे म्हणणे असे, की आमच्या मानेवर जे जू आहे ते नॉर्मन राजाने लढाई जिंकून घातले आहे. ही जमीन तलवारीने गेली, ती सर्वांची आहे. म्हणजे 'आम्ही मूळचे लोक, तुम्ही बाहेरून आलेले जेते' ही गोष्ट त्या काळी दुबळ्याच्या हातात होती. तिने दुबळ्यास मान वर करावयास शिकविले. इतपत ती चांगली.

पण तीच गोष्ट बलिष्ठाच्या हाती गेल्यावर तिचे काय झाले ते ऐका. १७७६ साली अमेरिका इंग्लंडापासून स्वतंत्र झाली. नव्या राष्ट्राच्या मोहरेवर हेंगिस्ट आणि हॉर्सा या दोन सॅक्सन सरदारांची चित्रे असावीत, असे जेफर्सन साहेबांनी सुचविले. आमचे राज्यकारभाराचे तत्त्व त्यांच्याकडून आले, असे त्यांचे म्हणणे. हे जेफर्सन 'सर्व माणसे समान' असे लिहिणारे, आणि त्यांच्याच शेतावर हबशी गुलाम राबत होते. पुढे शंभर वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत विद्वान लोक लिहू लागले, की स्वातंत्र्य ही सॅक्सन रक्ताचीच देणगी आहे आणि जगावर राज्य करणे हा त्या रक्ताचा हक्क आहे. अमेरिकेतल्या जोसाया स्ट्राँग नावाच्या पाद्र्याने १८८५ साली पुस्तक लिहून सांगितले, की अँग्लो-सॅक्सन वंश सर्व पृथ्वीवर पसरणार, ही देवाचीच योजना आहे. बंधूंनो, भटाने वेदाच्या नावाने सांगितले आणि पाद्र्याने रक्ताच्या नावाने सांगितले. दोघांच्याही सांगण्यात राबणाऱ्याच्या वाट्यास राबणेच आले.

हे वारे आपल्याकडे कसे आले? त्याचा एक धागा आपल्या ठाण्यातूनच जातो. १७८६ साली कलकत्त्यास विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशाने आपल्या एशियाटिक सोसायटीत भाषण करून सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात. भाषेपुरते हे म्हणणे खरे ठरले आहे. दुसऱ्याच वर्षी, १७८७ साली, ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट सापडले. आज जेथे मध्यवर्ती कारागृह आहे, तोच हा किल्ला. ते ताम्रपट शिलाहार राजा अरिकेसरी याचे, शके ९३९ म्हणजे १०१७ सालचे. त्यांचे भाषांतर त्याच सोसायटीच्या पहिल्या ग्रंथात छापले गेले. हे शिलाहार आपल्या ठाण्याचे राजे. पण ते आपला वंश कोठला सांगत? आम्ही जीमूतवाहन नामक विद्याधराचे वंशज, आणि तगर नगराचे, म्हणजे दूरच्या तेर गावचे, स्वामी. राजास जमीन दान द्यावयाची होती ती ठाण्याकडची, पण मूळपुरुष पाहिजे होता आकाशातला! वंशावळी लिहिणारे गृहस्थ काही आजच निघालेले नाहीत.

याच्या उलट आपल्याच कल्याणची माणसे पाहा. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कल्याण मोठे बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांत त्या काळचे लेख आहेत. त्यांत कल्याणचा सोनार आहे, कल्याणचा लोहार आहे. सोनाराने पाण्याचे टाके दान दिले आहे. त्याने आपले नाव, धंदा आणि गाव सांगितले, आणि वाटसरूस पाणी दिले. राजाच्या ताम्रपटातला विद्याधर कोणी पाहिला नाही. सोनाराच्या टाक्याचा मात्र शेकडो माणसांस उपयोग झाला.

असो. जोन्स साहेबांनी भाषेचे नाते सांगितले होते. पुढच्या लोकांनी त्याचे रक्ताचे नाते केले. इंग्रज आणि हिंदुस्थानातले वरचे वर्ण हे एकाच आर्य वंशाचे, असे बोलू लागले. हे ऐकून आपल्याकडच्या वरच्या वर्गास गुदगुल्या झाल्या. १८७७ साली बंगालचे केशवचंद्र सेन यांनी सांगितले, की इंग्रज आले म्हणजे ताटातूट झालेल्या आर्य चुलतभावांची पुन्हा भेट झाली. १९०३ साली लोकमान्य टिळकांनी मोठा ग्रंथ लिहून आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे होते असे प्रतिपादन केले. टिळकांची विद्वत्ता आणि त्यांनी भोगलेला तुरुंग यांविषयी आमच्या मनात आदर आहे. पण आमच्या लोकांस एवढेच विचारावेसे वाटते, की ध्रुवावरचे घर सापडले, मग गावकुसाबाहेरचे घर का सापडले नाही? ज्या मॅक्समुल्लर पंडिताच्या ग्रंथांवरून आर्यांचा एवढा डंका वाजला, त्यांनीच १८८८ साली बजावून सांगितले होते, की आर्य हा शब्द भाषेचा आहे, रक्ताचा नाही. पण सोयीचे तेवढे ऐकण्याची माणसाची खोडच आहे.

अशा वेळी पुण्यास एक माळ्याचा मुलगा उभा राहिला. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज काढला. विन्स्टन्लीने इंग्लंडात केले तेच जोतीरावांनी येथे केले. आर्य बाहेरून आले म्हणता ना? ठीक. मग तुम्ही जेते आणि आम्ही बळीराजाची लुटलेली प्रजा. क्षत्रिय म्हणजे क्षेत्रात, शेतात राहणारा. सरकारी शाळेत वरच्या वर्गाच्या गौरवासाठी शिकविलेली गोष्ट त्यांनी उलटी धरली, तेव्हा तिच्यातून शेतकऱ्याचे दुःख दिसू लागले. आपल्या ठाण्यातच जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या या कार्यात आले. १८८० साली त्यांनी 'दीनबंधु' पत्र हाती घेतले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. लोखंड्यांनी कामगारास विचारले नाही, की तुझे मूळ कोठले? त्यांनी विचारले, तुला आठवड्याची सुट्टी मिळते का?

आणि हेही ध्यानी ठेवा. जोतीरावांनी 'गुलामगिरी' कोणास अर्पण केली? हबशी गुलामांस मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांस. त्यांचा बळीराजा एका जातीचा नव्हता. कुणबी, माळी, कोळी, महार, मांग, भिल्ल, आणि समुद्रापलीकडचा हबशीदेखील त्याच्या छत्राखाली होता.

इंग्रज सरकारने मात्र मोजपट्टी आणली. १९०१ च्या शिरगणतीचे मुख्य रिस्ले साहेब. त्याच साली इंग्लंडात विंचेस्टर गावी आल्फ्रेड नावाच्या जुन्या सॅक्सन राजाचा मोठा पुतळा उभा राहिला. इकडे आमच्या नाकांची मोजणी चालली. नाकाची रुंदी घ्यावी, उंचीने भागावी, शंभराने गुणावी. आकडा लहान तो उंच जातीचा, मोठा तो हलक्या जातीचा, असा त्यांचा सिद्धांत. शाळेतले पोरही विचारील, की मग पडसे झाल्यावर जात बदलते काय? साहेबांनी जातींची उच्चनीच यादी करावयास घेतली, आणि देशभर अर्जांचा पाऊस पडला. आम्हांस वर घाला, शेजाऱ्यास खाली घाला! पण याच साहेबांनी आमच्या महाराष्ट्राचे काय केले? मराठी ब्राह्मण आणि कुणबी या दोघांस एकाच डब्यात घालून वर 'शक-द्राविड' अशी चिठ्ठी लावली. ती चिठ्ठीही पुढच्या विद्वानांनी टाकून दिली. मात्र डब्यात एकत्र बसलेले हे दोघे पंगतीत एकत्र बसले नाहीत, हे आपण पाहिलेच.

आता त्या रक्ताच्या गोष्टीवर विश्वास ठेवून एक मनुष्य पार टोकापर्यंत गेला, त्याची हकीकत सांगतो. भगतसिंग थिंड नावाचे एक पंजाबी शीख गृहस्थ अमेरिकेत होते. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या फौजेत होते. तेथे नागरिकत्व मिळे ते गोऱ्यांस आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांस. थिंड म्हणाले, मी उच्च जातीचा हिंदी, आर्य वंशाचा, म्हणून गोराच आहे. त्यांच्या बाजूने कोर्टात असेही मांडण्यात आले, की अमेरिकन मनुष्य हबश्याकडे लग्नाच्या बाबतीत ज्या दृष्टीने पाहतो, त्याच दृष्टीने उच्च हिंदू येथल्या मूळच्या लोकांकडे पाहतो. आपला गोरेपणा सिद्ध करण्यास पुरावा कोणता दिला, हे पाहा. शिवाशिवीचा! आणि निकाल काय लागला? १९ फेब्रुवारी १९२३ रोजी तेथल्या वरिष्ठ कोर्टाने सांगितले, की सामान्य माणूस ज्यास गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. त्या निकालावरून कित्येक हिंदी माणसांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेतले गेले. जोतीरावांनी अमेरिकेच्या सज्जनांस पुस्तक अर्पण केल्याला त्या वर्षी पन्नास वर्षे झाली होती. जोतीराव अमेरिकेकडे हबश्याचा भाऊ म्हणून पाहत होते, आणि थिंडांचा खटला गोऱ्याचा चुलतभाऊ म्हणून उभा राहिला. यांतला शहाणा कोण, ते तुम्हीच ठरवा.

याच आर्य रक्ताच्या नावाने १९३३ ते १९४५ या काळात जर्मनीत हिटलरने राज्य केले आणि साठ लाख यहुदी लोकांस मारविले. त्याहून पुढे या गोष्टीस जावयास जागा उरली नाही.

आता घरचे उणे सांगतो. ते न सांगता दुसऱ्याचे सांगणे हे सत्यशोधकाचे काम नव्हे. जोतीरावांच्या पश्चात आपल्याच चळवळीतील कित्येकांनी बळीराजाचे छत्र सोडून क्षत्रियत्वाचे पत्र धरले. कुळी मोजू लागले. अमका शहाण्णवातला, तमका बाहेरचा. वेदोक्ताचा हक्क मागितला तो अपमान सहन होईना म्हणून, हे आम्ही जाणतो, आणि छत्रपती शाहू महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या सर्वांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखल्या. पण पुष्कळ लोक पहिल्या पायरीवरच थांबले. वर चढावयास जागा मिळाली, की शिडी ओढून घेतली. विन्स्टन्लीची गोष्ट स्ट्राँग पाद्र्याच्या हाती जावयास दोन-अडीचशे वर्षे लागली. आमच्यात तीच उलथापालथ एका पिढीत झाली. आणि ते चौथीतले पोर आज तिचेच फळ आम्हांस दाखवीत होते.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी हा धोका फार आधी ओळखला. १९४६ साली त्यांनी 'शूद्र पूर्वी कोण होते' हा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो जोतीरावांस अर्पण केला. आणि त्यातच आर्य नावाच्या वेगळ्या वंशाने येऊन येथल्यांस जिंकले, हे मत खोडून काढले. ज्या गुरूस ग्रंथ अर्पण केला त्याच गुरूचे एक मत त्यात सोडून दिले. सत्यशोधन म्हणतात ते यास. पुढे १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी तीच नाकांची मापे घेऊन दाखविले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही.

तुम्ही म्हणाल, मास्तर, आज विज्ञान काय सांगते? तेही सरळ सांगतो. आपल्या सोयीचे तेवढे सांगणार नाही. जुन्या हाडांतून माणसाची आनुवंशिक खूण काढता येते. २०१९ साली अशा अभ्यासांचे निष्कर्ष छापून आले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून मध्य आशियाच्या गवताळ मुलखातून काही लोक येथे आले, हे त्यांवरून दिसते. म्हणजे कोणी आलेच नाही, असे म्हणता येत नाही. पण येथे त्याआधीचे लोक होते, तेही निरनिराळ्या मुळांचे. पुढची दोन हजार वर्षे हे सगळे एकमेकांत मिसळले. ब्राह्मणापासून भिल्लापर्यंत सर्वांत ही मिसळण आहे. प्रमाण कमीअधिक, एवढेच. नंतर जातीबाहेर लग्न बंद झाले आणि कुंपणे पडली. इंग्लंडातही २०२२ साली जुन्या दफनभूमींतील हाडे तपासली. समुद्रापलीकडून पुष्कळ लोक आले हे खरे ठरले, आणि आलेले व मूळचे एकाच दफनभूमीत शेजारी शेजारी पुरलेले सापडले. मेल्यावर त्यांस एकमेकांचा विटाळ झाला नाही.

तरी गोष्ट मरत नाही. २०२१ साली अमेरिकेत काही पुढाऱ्यांच्या नव्या गटाच्या जाहीरनाम्यात पुन्हा अँग्लो-सॅक्सन परंपरेचा जप आढळला, आणि ओरड झाल्यावर तो गुंडाळावा लागला. त्याआधी २०१९ साली त्या काळच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी आपल्या संस्थेच्या नावातून 'अँग्लो-सॅक्सन' हा शब्द मतदान करून काढून टाकला होता. विद्वानांस आपल्या पाटीवरचे नाव बदलता येते, तर आपणांस एक चोपडी बंद करता येणार नाही काय?

बंधुभगिनींनो, आता मूळ गोष्टीवर येतो. आपल्या मुलखात कूळ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वंशाचे, दुसरे जमिनीचे. दुसऱ्याची जमीन कसतो तोही कूळ. १९४८ साली कुळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कायद्याने दिले ते किती घरांत पोहोचले? किती जणांच्या आजोबांचे नाव वहीत चढलेच नाही? नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी जमीन घेतली. इंग्रज गेले, पण जमिनीचा वाद गेला नाही, आणि २०१७ सालच्या जून महिन्यात तेथले शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांच्या हातात वंशावळी असत्या तर काय उपयोग होता? तेथे फेरफाराचा उतारा लागतो. इमारती आपल्या बांधापर्यंत आल्या आहेत. उद्या मोजणीदार दारात येईल, तेव्हा तुमचा पूर्वज हिमालयातून आला की ध्रुवावरून आला, हे तो विचारणार नाही. कागद विचारील. आणि तो कागद ज्यास वाचता येत नाही, त्याचे राजरक्त अंगठ्याच्या शाईत बुडेल.

म्हणून आमची हात जोडून तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, त्या पुस्तकाची वर्गणी आज येथेच थांबवावी. जमले आहेत त्या पैशांतून प्रथम त्या भाजीवाल्या बाईच्या मुलीची फी भरावी, आणि उरतील त्यांतून प्रत्येक घराचे जमिनीचे जुने उतारे काढून आणावेत. ते वाचून दाखविण्यास आम्ही रविवारी चावडीवर बसू. त्यास दक्षिणा लागणार नाही. दुसरी, हे उतारे काढताना कातकरी वाडीची घरे वगळू नयेत. राहत्या घराखालच्या जागेचा कागद नाही म्हणून सर्वांत आधी उठविले जातात ते तेच. आणि तिसरी, उद्या सकाळी शाळेत तुमची पोरे एका सतरंजीवर बसतील. कोणी बाप तक्रार घेऊन आला, तर आम्ही त्यासही शेजारी बसवून हा इतिहास पुन्हा पहिल्यापासून सांगू. तो लांबलचक आहे, हे आज तुम्ही पाहिलेच!

दिवाळीत आपल्या आया-बहिणी भावाला ओवाळताना म्हणतात, इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. त्या राज्यात कोणी कोठून आला हे विचारीत नव्हते, असे म्हणतात. ते खरे की खोटे, आम्हांस ठाऊक नाही. पण आपल्या गावात उद्यापासून तसे करता येईल, हे आम्हांस पक्के ठाऊक आहे.

 सत्यमेव जयते.